हवा मोजणाऱ्या यंत्राचा पासंग



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधल्या घरांत आणि काही विहारांतही हवेची गुणवत्ता दाखवणारी लहान यंत्रे दिसू लागली आहेत. कुणी दम्याच्या मुलासाठी घेतले, कुणाला शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने पाठवले, कुठे तरुणांनी वर्गणी काढून विहाराच्या भिंतीवर लावले. यंत्र आले की पाठोपाठ प्रश्न येतो : घरातले यंत्र १६० दाखवते, त्याच वेळी मोबाईलवर सरकारी आकडा ११० दिसतो, तर खरे कोणाचे मानायचे?

बहुतेक वेळा दोघेही खोटे बोलत नसतात. वरच्या उदाहरणातले १६० आणि ११० हे दोन्ही आकडे जवळपास एकाच हवेचे असू शकतात. हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांचा बारीकपणा लक्षात येईल. हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. ते मोजायचे खरे माप म्हणजे एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम. पण लोकांना समजायला सोपे जावे म्हणून त्या मापाचे 'निर्देशांकात' रूपांतर करतात, आणि प्रत्येक देशाची रूपांतराची पट्टी वेगळी आहे. हवेत ६० मायक्रोग्रॅम कण असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो, आणि त्याच हवेचा अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या वर जातो. परदेशी बनावटीची पुष्कळ यंत्रे अमेरिकी पट्टीवर चालतात. १६० अमेरिकी आणि ११० भारतीय, दोन्हींचा अर्थ पासष्टच्या आसपास मायक्रोग्रॅम.

म्हणून पहिले काम असे की, यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन निर्देशांक बंद करावा आणि मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हे माप चालू करावे. ज्या यंत्रात ही सोयच नाही ते विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गफलत वेळेची. 'समीर' या सरकारी अ‍ॅपवर जो निर्देशांक दिसतो त्यातला धूलिकणांचा आकडा मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. घरातले यंत्र मात्र या क्षणाचा आकडा सांगते. सकाळी शेजारी कुणी कचरा पेटवला की आपले यंत्र उसळते, अ‍ॅप जागचे हलत नाही. याचा अर्थ सरकार लपवते असा लगेच काढू नये, आणि आपले यंत्र बिघडले असाही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्राचे तासातासाचे मायक्रोग्रॅममधले आकडे मिळतात. तुलना करायची ती त्यांच्याशी.

हे दोन गोंधळ दूर केल्यावरही जो फरक उरतो, तो यंत्राचा पासंग.

पासंग हा शब्द आता इलेक्ट्रॉनिक काट्यांमुळे मागे पडला आहे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येत नसेल तर त्या तराजूला पासंग आहे असे म्हणतात. आपल्या आज्या बाजारात आधी रिकामा तराजू उचलायला लावत आणि मगच धान्य घेत. पासंग असलेला तराजू फेकून द्यावा लागत नाही. किती पासंग आहे आणि कोणत्या बाजूला आहे एवढे कळले की त्याच तराजूने बरोबर वजन करता येते. यंत्राचे कॅलिब्रेशन म्हणजे नेमके हेच.

यंत्र कण कसे मोजते

घरगुती यंत्रात कणांचे वजन होत नाही. आत एक चिमुकला पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेझरचा किरण पडतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश एक डोळा टिपतो, आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधते की इतके कण आहेत, म्हणजे वजन इतके असेल. सरकारी केंद्रावरच्या यंत्रात बहुधा हवा एका फितीवरून ओढली जाते, फितीवर बसलेल्या धुळीतून बीटा किरण सोडतात, आणि ते किती अडले यावरून धुळीचे वस्तुमान ठरते. ते यंत्र लाखांत जाते, आपले काही हजारांत. त्यामुळे आपल्या यंत्राचा अंदाज तीन ठिकाणी हमखास चुकतो.

पहिले ठिकाण ओलाव्याचे. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि यंत्राला वाटते हवेत कण वाढले. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की हा फरक चांगलाच जाणवतो. पुढे दाट धुके आले तर यंत्र पाण्याचे थेंबसुद्धा धूळ म्हणून मोजते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चालते, नेमक्या त्याच संध्याकाळी बाहेर पाऊस असतो, आणि पावसाने धुतलेल्या हवेतही यंत्र मोठा आकडा दाखवते, त्याचे एक कारण हे.

दुसरे ठिकाण जाड धुळीचे, आणि इथे चूक उलट दिशेने होते. रस्त्याची माती, सिमेंटची पूड, ट्रकमागून उडणारी कोळशाची भुकटी यांतले मोठे कण त्या छोट्या पंख्याने नीट आत ओढलेच जात नाहीत. अनेक यंत्रे पीएम १० चाही आकडा दाखवतात, पण तो बराचसा बारीक कणांवरून लावलेला हिशेब असतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा थर बसतो आहे आणि यंत्र 'समाधानकारक' म्हणते आहे, असे झाले तर यंत्रावर विश्वास ठेवू नये, कपड्यांवर ठेवावा.

तिसरे ठिकाण काजळीचे. काळा कण प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळतो जास्त, त्यामुळे डोळ्याला तो कमी दिसतो. डिझेलचा धूर, कोळशाची काजळी यांचे यंत्राला पुरते आकलन होत नाही.

म्हणजे एकच यंत्र पावसाळ्यात हवा आहे त्याहून वाईट सांगेल आणि खाणीच्या रस्त्यालगत आहे त्याहून बरी सांगेल. आपण चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. नागपूरच्या दीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, म्हणून ते शहर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. त्याच शहराला लागून २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, घुग्घुसच्या बाजूला सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद कारखाना आहे. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथे होते. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाने यंत्र घेतले तर ते शोभेसाठी नसते. आजीला आज बाहेर बसवायचे की नाही, लहान लेकराच्या खोलीची खिडकी केव्हा उघडायची, हे त्या आकड्यावर ठरते. आणि उद्या वस्तीने अर्ज करायचे ठरवले तर समोरचा अधिकारी पहिले वाक्य हेच म्हणेल की तुमचे यंत्र स्वस्तातले आहे. त्या वाक्याला उत्तर म्हणजे पासंग काढल्याची वही.

शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या समाजाला फार महाग पडलेले आहेत. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपली माणसे प्यायली, तेव्हा ते बाटले म्हणून शुद्धीचे विधी झाले. त्या शुद्धतेला माप नव्हते, ती कुणाला पुन्हा तपासून पाहता येत नव्हती. मायक्रोग्रॅमचे तसे नाही. तो आकडा कुणीही पुन्हा मोजू शकतो, आणि मोजता यावा अशा रीतीनेच तो मांडला पाहिजे. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पाहा. विहाराच्या भिंतीवर लावलेल्या यंत्रालाही ही कसोटी लागू आहे.

पासंग काढण्याची रीत

सर्वांत चांगली रीत म्हणजे आपले यंत्र सरकारी केंद्राच्या शक्य तितक्या जवळ नेऊन ठेवणे. चंद्रपुरात शहरात एक आणि खुटाळा एमआयडीसीत एक अशी स्वयंचलित केंद्रे आहेत. नागपुरात सिव्हिल लाईन्सला जीपीओसमोर, महाल, रामनगर आणि अंबाझरीला आहेत. मुंबईत देवनार, कुर्ला, सायन यांसह बरीच आहेत. केंद्राच्या आवारात ठेवू देतीलच असे नाही, पण जवळपास राहणारे एखादे ओळखीचे घर बहुधा सापडते. एक किलोमीटरच्या आतले घर असेल तर उत्तम. तिथे यंत्र घराबाहेर ठेवायचे : वळचणीखाली, सावलीत, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, चहूबाजूंनी वारा लागेल असे, आणि कुणाच्या चुलीचा, टपरीच्या भट्टीचा किंवा गाडीच्या नळीचा धूर थेट येणार नाही असे. ऊन पडले तर यंत्र तापून वेडेवाकडे आकडे देते, पाऊस लागला तर कायमचेच जाते.

निदान सात दिवस ठेवावे, दहा ठेवले तर बरे. एक दिवस पुरत नाही, कारण हवा चांगली, मध्यम आणि वाईट अशा तिन्ही अवस्थांत तुलना झाली पाहिजे. सगळे दिवस सारखेच असतील तर पासंग एकाच वजनापुरता कळतो.

मग दोन्हींचे तासातासाचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. यंत्र मोबाईलला जोडलेले असेल तर ते आपोआप नोंद ठेवते, नसेल तर शाळकरी मुलांना पाळी लावून वहीत लिहायला सांगावे. दहावीच्या मुलांना हा गणिताचा चांगला प्रकल्प होतो. समजा, सहा तासांच्या नोंदी अशा आहेत. हे आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. केंद्र : ४८, ६२, ७५, ९०, ५५, ७०. आपले यंत्र : ८१, ९९, १२८, १४९, ९३, ११५. केंद्राची बेरीज ४००, आपली ६६५. चारशेला सहाशे पासष्टने भागले की ०.६० येते. हा आपल्या यंत्राचा गुणक. आता पडताळा पाहायचा : ८१ ला ०.६ ने गुणले की ४८.६, केंद्र म्हणत होते ४८. १४९ चे ८९.४, केंद्राचे ९०. ९९ चे ५९.४, केंद्राचे ६२. इतके जुळले म्हणजे यंत्र भरवशाचे आहे, फक्त त्याला पासंग आहे. उलट, गुणल्यावरही एका तासाला वीस जास्त आणि दुसऱ्या तासाला तीस कमी असे येत राहिले, तर यंत्रच अस्थिर आहे किंवा जागा चुकली आहे. अशा यंत्राला कोणताही गुणक लावून उपयोग नाही.

या गुणकाने काय बदलते ते पाहा. भारतात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. यंत्राने दिवसभराची सरासरी ९५ दाखवली, तर मर्यादा ओलांडली असे वाटते. गुणक लावला की ती ५७ होते, म्हणजे मर्यादेच्या आत. कच्च्या ९५ वर कुणी अर्ज केला असता तर तो पहिल्याच तपासणीत पडला असता, आणि त्यानंतरचा खरा अर्जही कुणी वाचला नसता. पण ५७ आले म्हणून निश्चिंत राहावे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ ही पातळी सांगितली आहे, आपली वर्षाची मर्यादा ४० आहे. कायद्याची मर्यादा आणि फुप्फुसाची मर्यादा एकच नसते. अर्ज कायद्याच्या मर्यादेवर करावा, घरातली काळजी आरोग्याच्या मर्यादेवर घ्यावी.

गुणक दोन काढावेत, एक कोरड्या दिवसांचा आणि एक दमट दिवसांचा. बऱ्याच यंत्रांवर आर्द्रता दिसतेच. ऐंशी टक्क्यांच्या वरचे तास वेगळे काढून त्यांचा वेगळा हिशेब केला की वर सांगितलेला पावसाळी घोळ पुष्कळ कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशाच एका प्रकारच्या यंत्रांसाठी सूत्र तयार केले आहे. त्यात यंत्राचा आकडा साधारण निम्मा करतात आणि आर्द्रतेनुसार थोडा वजा करतात. ते सूत्र तिथल्या हवेवर बेतलेले आहे. आपल्या खाणपट्ट्यातल्या किंवा डम्पिंग ग्राउंडजवळच्या हवेला ते जसेच्या तसे चिकटवू नये. आपला गुणक आपणच काढावा.

केंद्र चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असलेल्या गावांनी काय करावे? तालुक्यातल्या चार-पाच गावांनी मिळून एक यंत्र आठवडाभर केंद्राजवळ ठेवून त्याचा गुणक काढावा. मग ते यंत्र विहारात आणावे, आणि इतर सगळ्यांनी आपापली यंत्रे दोन दिवस त्याच्या शेजारी, एकाच टेबलावर, हातभर अंतरात ठेवावीत. इथे तुलना सरकारी केंद्राशी नसून त्या तपासलेल्या यंत्राशी, हिशेब तोच. दुकानदाराची वजने वजनमापे खात्याच्या प्रमाणित वजनांशी ताडून मग शिक्का मारतात, तसाच हा प्रकार. या निमित्ताने कोणाचे यंत्र सगळ्यांपेक्षा फटकून वागते तेही उघड होते.

गुणक कुठे लागू नाही

हा गुणक बाहेरच्या हवेवर काढलेला आहे. विहारात वंदनेच्या वेळी अगरबत्ती आणि मेणबत्त्या पेटतात, तेव्हा हवेतल्या कणांची जातच बदलते आणि हा गुणक तिथे नेमका राहत नाही. अशा वेळी नेमका आकडा सोडून द्यावा आणि फक्त आधी-नंतर पाहावे. वंदनेआधी दहा मिनिटे, वंदना चालू असताना, आणि दारे-खिडक्या उघडल्यावर अर्ध्या तासाने, अशा तीन नोंदी घ्याव्यात. बंद, लहान सभागृहात अगरबत्तीचा जुडगा लावला की आकडा अनेक पटींनी चढतो, हे कुणालाही स्वतः पाहता येईल. आमची सूचना अशी की ज्या विहारात लहान मुले आणि दम्याचे उपासक नियमित बसतात तिथे फुले आणि एक दीप पुरेसा मानावा, अगरबत्ती लावायचीच तर उघड्या दाराजवळ लावावी. पूजेच्या भावनेत त्याने काही उणे येत नाही.

स्वयंपाकघरालाही हेच लागू. फोडणीच्या वेळी यंत्र उसळते, ते तव्यापासून दूर, श्वास घेण्याच्या उंचीवर ठेवावे, आणि पंख्याच्या किंवा कूलरच्या थेट झोतात नको.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कण मोजणारे यंत्र कार्बन मोनॉक्साईड मोजत नाही. विदर्भात थंडीत रात्री कोळशाची सिगडी खोलीत घेऊन झोपण्याची सवय अजून आहे. कोळसा लाल झाला की धूर दिसत नाही, यंत्राचा आकडाही खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी वास नसलेला, रंग नसलेला हा वायू बंद खोलीत साचत असतो. यंत्र हिरवे दाखवते म्हणून सिगडी आत ठेवली, असे कोणत्याही घरात होऊ नये. सिगडी झोपण्याआधी बाहेर, दार लावून नव्हे, पूर्ण बाहेर.

काही यंत्रे कार्बन डायऑक्साईडही दाखवतात. हा आकडा खोलीत हवा खेळते की नाही एवढेच सांगतो. त्याचा पासंग काढणे सोपे आहे : यंत्र मोकळ्या हवेत, सावलीत, माणसांपासून दूर वीस मिनिटे ठेवावे. तिथे सव्वाचारशेच्या आसपास आकडा यायला हवा. फार वेगळा आला तर यंत्रातली कॅलिब्रेशनची सोय तिथेच, मोकळ्या हवेत वापरावी. पुष्कळ यंत्रे आठवडाभरातला सर्वांत खालचा आकडा ताज्या हवेचा समजून स्वतःच पासंग काढतात. ज्या घराची खिडकी आठवड्यात एकदाही पुरती उघडत नाही तिथे यंत्र कोंदट हवेलाच ताजी समजू लागते.

वहीचे काय करायचे? वहीत यंत्राने दाखवलेला मूळ आकडा आणि गुणक लावलेला आकडा, दोन्ही लिहावेत. मूळ आकडा खोडू नये. तारीख, वेळ, आर्द्रता, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते, राख उडत होती, कचरा जळत होता, ट्रक जात होते, हेही लिहावे. अशी महिन्याभराची नोंद आणि पासंग काढल्याचा तक्ता जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करता येतो. १९८१ च्या वायु प्रदूषण कायद्याखाली त्यांच्यावर जबाबदारी आहे. घरगुती यंत्राचा आकडा अधिकृत मोजणीची जागा घेत नाही, हे अर्जातच मोकळेपणी लिहावे, आणि मागणी एवढीच करावी की अमुक वेळेला, अमुक वाऱ्यात इथे आकडे चढतात, तुमचे यंत्र आणून त्याच वेळी मोजा. जाड धुळीचा त्रास असेल तर पीएम १० मोजण्याची मागणी आवर्जून वेगळी करावी, कारण तिथे आपल्या वहीत पुरावा सापडणारच नाही.

शेवटी यंत्राची निगा. महिन्यातून एकदा बंद करून जाळीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. ओले फडके, फिनेल, अत्तर जवळ नको. आत मुंग्या आणि कोळी घर करतात, तेही पाहावे. पंख्याचा आवाज बदलला किंवा आकडा दिवसभर एकाच जागी अडकला तर सेन्सर म्हातारा झाला समजावे. गुणक कायमचा नसतो, दर ऋतूला थोडा सरकतो. यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टीने कागद लावून त्यावर कोरडा गुणक, दमट गुणक आणि तपासल्याची तारीख लिहावी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पाऊसही ओसरलेला असतो. त्या आठवड्यात एकदा आणि होळीनंतर एकदा यंत्र पुन्हा केंद्राजवळ न्यावे आणि कागद बदलावा.